छापखान्यात एक्सपी चालवायचे आहे: बारा हजारांत कोणता संगणक घ्यावा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी आपला छोटा छापखाना असून लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हँडबिले आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल अशी कामे तेथे होतात. सगळी जुळणी विंडोज एक्सपीवर पेजमेकर ७ या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होते, मराठीचे सॉफ्टवेअर त्याच काळातले आहे आणि त्याचे लॉक, म्हणजे जे लावल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही ते डाँगल, प्रिंटरच्या जुन्या पंचवीस पिनांच्या पोर्टात बसते. संगणकाचा मदरबोर्ड गेला आहे आणि तो दुरुस्त होणार नाही असे कळले आहे. मॉनिटर व लेझरजेट १०२० प्रिंटर शाबूत आहेत. हाताशी बारा हजार रुपये आहेत. दुकानदार सहाव्या पिढीचा सेकंडहँड आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम आणि एसएसडी दाखवतो आहे आणि ‘विंडोज सेव्हन टाकून देतो, सगळे चालेल’ असे सांगतो आहे. तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे.

घेऊ नये. त्याऐवजी इंटेलच्या तिसऱ्या पिढीचा, कार्यालयीन वापरासाठी बनलेला डेस्कटॉप घ्यावा. डेलचा ऑप्टिप्लेक्स ७०१०, एचपीचा कॉम्पॅक एलिट ८३०० किंवा लेनोव्होचा थिंकसेंटर एम९२पी यांपैकी जो चांगल्या स्थितीत मिळेल आणि ज्याला समांतर पोर्टाची, म्हणजे त्या पंचवीस पिनांच्या पोर्टाची, सोय असेल, तो आपला. दुसऱ्या पिढीतले ऑप्टिप्लेक्स ७९० व ९९० किंवा एचपी ८२०० एलिटही चालतील. हे संगणक दुकानदाराच्या संगणकापेक्षा जुने आणि हळू आहेत, पण पेजमेकरला त्या वेगाची गरज नाही आणि एक्सपीला ते नवेपण पेलत नाही.

सपोर्ट संपलेली ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची असेल तर संगणकाची निवड उलट्या क्रमाने करावी लागते. एरवी आपण आधी यंत्र घेतो आणि मग त्यावर काय टाकायचे ते ठरवतो. येथे सर्वांत अडेल वस्तू कोणती, हे आधी शोधावे लागते. आपल्या बाबतीत ती वस्तू म्हणजे लॉक. ते ज्या सॉफ्टवेअरचे आहे ते सॉफ्टवेअर कोणत्या विंडोजवर चालते हे दुसरे, त्या विंडोजचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे भाग तिला वापरता यावेत म्हणून लागणारे छोटे प्रोग्राम, कोणत्या पिढीपर्यंत निघाले हे तिसरे, आणि प्रोसेसरचा वेग, रॅम, एसएसडी यांचा विचार सर्वांत शेवटी. दुकानदाराने शेवटचा मुद्दा पहिला धरला, आणि त्याच्या धंद्याच्या दृष्टीने ते स्वाभाविकही आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे कार्यालयांनी काढून टाकलेली सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे सेकंडहँड बाजारात आली आहेत आणि तीच त्याला खपवायची आहेत.

आता पिढीचा मुद्दा. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली आणि तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. विंडोज ७ चा काळ २२ ऑक्टोबर २००९ ते १४ जानेवारी २०२०. इंटेलची दुसरी पिढी २०११ च्या सुरुवातीला, तिसरी २०१२ मध्ये आणि सहावी २०१५ मध्ये आली. या तारखा शेजारी ठेवल्या की दिसते की दुसरी आणि तिसरी पिढी बाजारात होती तेव्हा एक्सपी कार्यालयांमध्ये सर्रास वापरात होती, म्हणून इंटेलने त्या चिपसेटचे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपांचे, आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचे एक्सपीसाठीचे ड्रायव्हर काढले. चौथ्या पिढीपासून ग्राफिक्सचे एक्सपी ड्रायव्हर मिळत नाहीत, विंडोज ७ चे मात्र व्यवस्थित मिळतात. म्हणजे तिसरी पिढी ही अशी शेवटची पायरी आहे, जिच्यावर एक्सपी आणि विंडोज ७ या दोन्ही सरळपणे उभ्या राहतात. यांपैकी कोणती लागेल हे लॉक तपासेपर्यंत आपल्याला नक्की ठाऊक नाही, म्हणून दोन्ही वाटा मोकळ्या ठेवणारे यंत्र घेणे शहाणपणाचे.

सहाव्या पिढीवर काय होते ते थोडे तपशिलात सांगतो, कारण दुकानात ‘चालते’ असे म्हणतात तेव्हा त्यात बरेच काही दडलेले असते. त्या पिढीच्या चिपसेटमधून इंटेलने जुना यूएसबी २.० चा कंट्रोलर काढून टाकला आणि सर्व पोर्ट यूएसबी ३.० च्या कंट्रोलरवर नेले. २००९ मध्ये तयार झालेल्या विंडोज ७ च्या डीव्हीडीत त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही. परिणाम असा होतो की बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या सेटिंगमध्ये, कीबोर्ड आणि माउस ठणठणीत चालतात, इन्स्टॉलेशन सुरू होते, भाषा निवडण्याची पहिली निळसर खिडकी समोर येते, आणि तेथे माउसचा बाण हलत नाही व कीबोर्डवरचे एकही बटण लागत नाही. यावर उपाय आहेत. जुन्या गोल पीएस/२ पोर्टाचा कीबोर्ड लावता येतो, किंवा ड्रायव्हर आधीच घुसवलेली डीव्हीडी तयार करता येते. दुकानदार बहुधा दुसरा मार्ग पत्करेल, म्हणजे कोणीतरी, कोठेतरी बदललेली विंडोजची प्रत आपल्या यंत्रात येईल. एवढे करूनही एक्सपीचा प्रश्न सुटत नाहीच, कारण त्या पिढीसाठी इंटेलने एक्सपीचे ना ग्राफिक्स ड्रायव्हर दिले ना यूएसबीचे. सातव्या पिढीपासून तर मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चे अपडेटही अडवले. अगदी नवे यंत्र घ्यायचे म्हटले तर अकराव्या पिढीपासून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर जुन्या पद्धतीचे बूटिंगच होत नाही, म्हणून तो विषय येथेच सोडतो.

लॉकविषयी मात्र सावकाश बोलले पाहिजे, कारण आपला सारा व्यवहार त्या लहानशा वस्तूवर अडला आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी, सी-डॅकचे आयएसएम आणि त्यांच्यासारखी इतर सॉफ्टवेअर यांवर महाराष्ट्रातल्या छापखान्यांची एक पिढी काम करत आली. या फाँटांची अक्षरसंकेतने युनिकोडपूर्व, म्हणजे आजचा सर्वांचा सामाईक संकेत येण्याआधीची, आणि ज्याची त्याची स्वतंत्र असल्यामुळे आपल्या जुन्या फायली त्या त्या फाँटाशिवाय उघडल्या तरी वाचता येत नाहीत. म्हणून लॉक चालणे ही आपल्यासाठी हौस नाही, वीस वर्षांच्या कामाची किल्ली आहे.

समांतर पोर्टाचे लॉक तपासणारा ड्रायव्हर संगणकाच्या ठरावीक पत्त्यांवर पोर्ट शोधतो. पहिल्या समांतर पोर्टाचा परंपरेने चालत आलेला पत्ता ३७८ हा आहे, आणि २७८ व ३बीसी हे आणखी दोन. मदरबोर्डवरचा मूळ पोर्ट या पत्त्यावर असतो. बाजारात दोनशे-तीनशे रुपयांत मिळणारी यूएसबीची समांतर केबल मात्र असा पोर्ट निर्माणच करत नाही. ती संगणकाला फक्त ‘प्रिंटर जोडला आहे’ असे भासवते. जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर तिच्यावर चालेल, लॉक दिसणार नाही. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटात बसणारे पोर्टकार्ड खरा पोर्ट देते, पण बहुधा वेगळ्याच पत्त्यावर, आणि जुना लॉकड्रायव्हर तेथे पाहतच नाही. काही लॉक कार्डावर चालतात, काही नाहीत, आणि दुकानात लावून पाहिल्याशिवाय कोणतेही आश्वासन विश्वासार्ह नाही. त्यामुळे पहिली पसंती मदरबोर्डवरच्या पोर्टालाच द्यावी.

तो पोर्ट आहे की नाही हे यंत्राच्या मागच्या बाजूला पाहून ठरवू नये. कार्यालयीन डेस्कटॉपमध्ये कधी पोर्ट थेट मागे दिसतो, तर कधी मदरबोर्डवर फक्त पिनांची रांग असते आणि पट्टीसह छोटी केबल वेगळी घ्यावी लागते. एकाच मॉडेलच्या दोन यंत्रांतही हा फरक आढळतो. सोपी कसोटी बायॉसची आहे. यंत्र चालू होताना डेलमध्ये एफ२, एचपीमध्ये एफ१० आणि लेनोव्होमध्ये एफ१ दाबावे, आणि समांतर पोर्टाची नोंद व तिचा पत्ता दिसतो का ते पाहावे. नोंद नसेल तर ते यंत्र आपल्यासाठी नाही. नोंद असेल आणि तरीही लॉक दिसत नसेल, तर तेथेच पोर्टाची पद्धत ईसीपी, ईपीपी किंवा साधी द्विमार्गी अशी बदलून पाहावी. केवळ तेवढ्याने लॉक जागे झाल्याची उदाहरणे मी बरीच पाहिली आहेत.

दुकानात जाताना म्हणून लॉक आणि सॉफ्टवेअरची मूळ सीडी बरोबर न्यावी. मोठा बाजार हवा असेल तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच, पण जिल्ह्याच्या ठिकाणचा, यंत्र लावून दाखवणारा आणि पंधरा दिवसांत परत घेण्याची तयारी असलेला दुकानदार मला अधिक सोयीचा वाटतो.

एक्सपी घ्यावी की विंडोज ७? आपले मराठी सॉफ्टवेअर विंडोज ७ च्या ३२ बिट आवृत्तीवर चालत असेल, तर मी तीच घेईन. पेजमेकर ७ हे २००१ मधले असून त्याच्या निर्मात्यांनी विंडोज ७ साठी ते कधीच जाहीर केले नाही, पण ३२ बिट विंडोज ७ वर ते प्रत्यक्षात बऱ्यापैकी चालते. ६४ बिट मात्र घेऊ नये. जुने लॉकड्रायव्हर ३२ बिटांचे असतात आणि ते ६४ बिट विंडोजमध्ये बसतच नाहीत. शिवाय त्या काळच्या काही सॉफ्टवेअरचे सेटअप १६ बिटांचे आहेत आणि ६४ बिट विंडोज ते मुळातच चालवत नाही. दुकानदार सवयीने ६४ बिटच टाकतो, म्हणून हे आधी स्पष्ट सांगावे लागते. लॉक विंडोज ७ वर अडले, तर निमूटपणे एक्सपीची सर्व्हिस पॅक ३ असलेली प्रत टाकावी. येथे अभिमान बाळगण्यासारखे काही नाही. छपाईचे काम निघाले पाहिजे.

यंत्राचा आकारही पाहावा. कार्यालयीन डेस्कटॉप तीन आकारांत मिळतात: उभा टॉवर, आडवा लहान आणि पुस्तकाएवढा छोटा. छोट्याच्या वाटेला जाऊच नये, कारण त्यात स्लॉटही नसतो आणि समांतर पोर्टही सहसा नसतो. टॉवर मिळाला तर उत्तम, कारण त्यात हवा खेळते आणि पूर्ण उंचीचे कार्ड बसते. प्रोसेसर आय-थ्री ३२२० असो की आय-फाइव्ह ३४७०, आपल्या कामात फरक जाणवणार नाही. मात्र चार अंकी क्रमांकातला पहिला अंक पिढी सांगतो, आणि नुसते ‘आय-फाइव्ह आहे’ एवढे ऐकून पैसे देऊ नयेत. कंपन्यांकडून आलेल्या यंत्रांच्या बायॉसला कधीकधी पासवर्ड असतो. तो काढून, सेटिंग बदलून, यंत्र बंद-चालू करून दाखवायला सांगावे. मुख्य वायर काढून पाच मिनिटांनी पुन्हा लावल्यावर तारीख मागे गेली असेल तर सीआर२०३२ ही नाण्याएवढी बॅटरी बदलावी लागते, ती फार स्वस्त असते. झाकण उघडून धूळ, फुगलेले कपॅसिटर आणि पंख्याचा आवाज पाहून घ्यावा. आणखी एक गोष्ट: या ब्रँडेड यंत्रांचा पॉवर सप्लाय पुष्कळदा नेहमीच्या मापाचा नसतो, त्यामुळे तो जळला तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असे नाही.

रॅम चार जीबी पुरे. ३२ बिट विंडोज त्यातली साधारण सव्वातीन जीबीच दाखवते, आणि आठ जीबीचे पैसे देणे म्हणजे वाया घालवणे. मॉनिटरसाठी या यंत्रांवर व्हीजीए असते, बरोबर डिस्प्लेपोर्ट असतो. एचडीएमआय सहसा नसते.

हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी आहे. सेकंडहँड यंत्राबरोबर आलेल्या डिस्कवर मी कधीच काम ठेवत नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन चालवून बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे आकडे शून्य आहेत का ते पाहता येते, पण शून्य असले तरी ती डिस्क किती वर्षे फिरली आहे हे विसरू नये. नवी १२० किंवा २४० जीबीची, साटा या डिस्कच्या जोडणीची एसएसडी घ्यावी. विंडोज ७ तिच्याशी नीट वागते. एक्सपीच्या बाबतीत दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. एक्सपीचा सेटअप पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतो आणि ते आजच्या डिस्कच्या ४ केबीच्या मापाशी जुळत नाही, त्यामुळे लिहिण्याचा वेग पडतो व एसएसडी विनाकारण झिजते. उपाय सोपा आहे: पार्टिशन आधी विंडोज ७ च्या डीव्हीडीने तयार करून घ्यावे, ती ते बरोबर मापात, २०४८ व्या सेक्टरपासून करते, आणि मग त्याच पार्टिशनवर एक्सपी टाकावी. दुसरे म्हणजे एक्सपीला ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा एसएसडीला कळवणारी आज्ञा, ठाऊक नाही, म्हणून एसएसडीचा पाव भाग पार्टिशन न करता मोकळा सोडावा.

एक्सपी टाकताना बहुतेकांची पहिली ठेच साटाच्या सेटिंगवर लागते. बायॉसमध्ये साटा एएचसीआय पद्धतीवर असते, एक्सपीच्या सीडीत तिचा ड्रायव्हर नाही, आणि सेटअप थोडा पुढे जाऊन शेवटी ७बी असलेला संकेत दाखवत निळ्या पडद्यावर थांबतो. डेलच्या बायॉसमध्ये ‘साटा ऑपरेशन’ येथे ‘एटीए’, एचपीमध्ये ‘साटा इम्युलेशन’ येथे ‘आयडीई’ निवडले की काम पुढे सरकते. सेटिंग बदलायचे ते सेटअपच्या आधीच. नंतर बदलले तर चालणारी एक्सपीही त्याच निळ्या पडद्यावर पडते. पेनड्राइव्हवरून एक्सपी टाकण्याच्या अनेक युक्त्या सांगितल्या जातात, पण डीव्हीडी ड्राइव्ह असलेले यंत्र घेऊन सीडीवरूनच टाकणे कितीतरी कमी त्रासाचे आहे. तिसऱ्या पिढीत निळ्या रंगाचे यूएसबी ३.० पोर्ट असतात आणि त्यांचा इंटेलचा ड्रायव्हर फक्त विंडोज ७ पासून पुढे आहे, म्हणून एक्सपीत माउस, कीबोर्ड व प्रिंटर काळ्या पोर्टांनाच लावावेत. लेझरजेट १०२० हा प्रिंटर प्रत्येक वेळी चालू झाल्यावर आपले फर्मवेअर संगणकाकडून उतरवून घेतो, त्यामुळे अर्धवट ड्रायव्हरवर तो नुसता दिवे लावून बसतो. त्याचे एक्सपी व विंडोज ७ या दोन्हींचे पूर्ण ड्रायव्हर निघालेले आहेत. चिपसेट, ग्राफिक्स, आवाज आणि प्रिंटर यांचे ड्रायव्हर दुसऱ्या संगणकावर आधीच उतरवून, एका सीडीवर लिहून ठेवावेत.

परवान्याविषयी एक उपयुक्त गोष्ट. २०११ ते २०१३ मधल्या अशा बऱ्याच यंत्रांच्या पेटीवर विंडोज ७ प्रोफेशनलचा स्टिकर असतो. यंत्राबरोबर आलेल्या त्या परवान्यात खालच्या आवृत्तीवर, म्हणजे एक्सपी प्रोफेशनलवर, उतरण्याचा अधिकार होता. त्यामुळे स्टिकर शाबूत असलेले यंत्र शंभर-दोनशे रुपये जास्त देऊनही घ्यावे. कंपनीची मूळ विंडोज ७ ची डीव्हीडी मिळाली, तर ती बायॉसमधली खूण ओळखून इंटरनेटशिवायच सक्रिय होते. दुकानदाराच्या पेनड्राइव्हमधली ‘अॅक्टिव्हेटेड’ प्रत मात्र नाकारावी. त्या प्रतीत आणखी काय मिसळले आहे हे त्यालाही ठाऊक नसते.

आता सुरक्षिततेचा भाग, आणि येथे मी तडजोड सुचवणार नाही. हा संगणक इंटरनेटला जोडायचा नाही, आणि नेटवर्क कार्ड बायॉसमधूनच बंद करायचे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो विंडोजच्या जुन्या फाइल शेअरिंगमधल्या दोषावरून. कोणी काही उघडावे लागले नाही, यंत्र नेटवर्कवर असणे पुरेसे होते. मायक्रोसॉफ्टने तेव्हा अपवाद म्हणून एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली, पुढे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपच्या दोषासाठी पुन्हा एकदा काढली. पुढच्या वेळीही काढतील या भरवशावर धंदा ठेवता येत नाही. अँटिव्हायरस टाकून ही उणीव भरून निघत नाही. तसेही एक्सपीवरचे ब्राउझर आता बहुतेक संकेतस्थळे उघडू शकत नाहीत. एक्सपीवर क्रोम ४९ व्या आणि फायरफॉक्स ५२ व्या आवृत्तीला थांबले, विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या. जीएसटी, बँक आणि ग्राहकांचे व्हॉट्सअॅपवर येणारे मजकूर यांसाठी वेगळा संगणक किंवा मोबाइल वापरावा.

दोन संगणकांमध्ये फायलींची ने-आण कशी करायची, असे आपण लगेच विचाराल. नेटवर्कने शेअर करण्याचा मोह होतो, पण एक्सपीला फाइल शेअरिंगची फक्त सर्वांत जुनी पद्धत येते आणि विंडोज १० ने २०१७ च्या अखेरीपासून तीच पद्धत बंद ठेवली आहे. ती मुद्दाम उघडणे म्हणजे नव्या संगणकालाही त्याच धोक्यात ओढणे. त्यापेक्षा एक पेनड्राइव्ह फक्त या कामासाठी राखावा, तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करावा आणि ग्राहकाचा पेनड्राइव्ह जुळणीच्या संगणकाला कधीही लावू नये. छापखान्यांत फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारे व्हायरस कोठून येतात हे आपण जाणताच: पत्रिकेचा मजकूर घेऊन आलेल्या पाहुण्याच्या पेनड्राइव्हमधून. तो नव्या संगणकाला लावायचा, तपासायचा, हवी तेवढीच फाइल राखीव पेनड्राइव्हवर घ्यायची. एक्सपीवर ऑटोरन, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपोआप चालणे, बंद करून ठेवावे. मायक्रोसॉफ्टने यासाठी २०११ मध्ये अपडेट दिले होते. ते टाकलेले नसेल तर ग्रुप पॉलिसीतूनही बंद करता येते.

आपले लॉक यूएसबीचे असते तर माझे उत्तर वेगळे झाले असते, हेही नमूद करतो. तेव्हा दुकानदाराचा सहाव्या पिढीचा संगणकच घ्या, त्यावर सपोर्ट चालू असलेली लिनक्स टाका आणि तिच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, एक्सपी चालवा, असे मी सांगितले असते. त्यासाठीचे व्हीएमवेअर वर्कस्टेशन नोव्हेंबर २०२४ पासून सर्वांना मोफत आहे आणि यूएसबी लॉक ते आतल्या एक्सपीकडे सोपवू शकते. ड्रायव्हरची सगळी भानगड मिटते आणि संपूर्ण एक्सपी म्हणजे एक फोल्डर उरतो, तो उचलून दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. आपल्या सॉफ्टवेअरचे निर्माते जुने समांतर लॉक घेऊन यूएसबीचे बदलून देतात का, हे एका फोनवर कळेल. संगणक खरेदी करण्याआधी तो फोन करावा, कारण ‘हो’ असे उत्तर आले तर वरचे बरेचसे सोपस्कार अनावश्यक ठरतात. समांतर लॉकसह व्हर्च्युअल मशीन चालवणे अशक्य नाही, परंतु त्यालाही खरा पोर्ट असलेला संगणक लागतोच आणि लॉक कधी दिसते, कधी नाही. पत्रिकेची तारीख तोंडावर असताना असे यंत्र मला नको असते.

जुनी हार्ड डिस्क अजून जिवंत आहे असे गृहीत धरतो. ती नव्या यंत्रात लावून तशीच चालू करू नये. मदरबोर्ड बदलल्यामुळे एक्सपी त्याच निळ्या पडद्यावर थांबेल आणि चुकून काही दुरुस्त करायला जाल तर फायली गमवाल. ती डिस्क रुंद पट्टीच्या आयडीई केबलची असेल तर नव्या यंत्रात तिला जागाच नसते, म्हणून यूएसबीचे आयडीई-साटा कन्व्हर्टर घ्यावे आणि दुसऱ्या संगणकावर तिच्यातले सर्व काही उतरवून घ्यावे: कामाचे फोल्डर तर घ्याच, पण विंडोजमधला फाँट्सचा पूर्ण फोल्डर, मराठी सॉफ्टवेअरचा फोल्डर आणि कीबोर्ड लेआउटच्या फायलीही घ्या. फाँटाची नेमकी तीच आवृत्ती नसेल तर जुन्या अहवालांच्या ओळी सरकतात आणि पाने पुन्हा लावावी लागतात.

सर्व बसवून झाले, लॉक ओळखले गेले, ट्रेसिंग पेपरवर प्लेटसाठीचे एक पान बरोबर निघाले, की त्याच दिवशी क्लोनझिला या डिस्कची प्रत काढणाऱ्या साधनाने पूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवावी. क्लोनझिला स्वतःच्या पेनड्राइव्हवरून बूट होते, त्यामुळे आत एक्सपी आहे की आणखी काही याच्याशी तिला कर्तव्य नसते. आणि बारा हजारांतून काही शिल्लक राहिले, तर मी ते रॅमवर वा मोठ्या एसएसडीवर घालवणार नाही. त्याच मॉडेलचा, त्याच चिपसेटचा दुसरा डेस्कटॉप, डिस्क नसलेला असला तरी, घेऊन कपाटात ठेवेन. पहिला बंद पडला की एसएसडी काढून दुसऱ्यात लावायची, बायॉसमध्ये साटा आणि समांतर पोर्टाची सेटिंगे तशीच करायची, लॉक लावायचे आणि काम पुढे चालू करायचे. पहिल्या यंत्राच्या बायॉसच्या या दोन पानांचे मोबाइलवर फोटो काढून त्यांची छापील प्रत पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी.